अनुभव धागा: सिल्व्हर सोल्डरिंगमध्ये स्टीलचा जॉब वाकू नये म्हणून काय करता?

कानसवाला (धागाकर्ता)

लेथ-मिलिंगचा नाद असलेले बरेच जण वेल्डिंग टाळून सिल्व्हर सोल्डरिंगकडे, म्हणजे चांदीमिश्रित झाळ वितळवून भाग जोडण्याकडे वळतात, आणि ते रास्तच आहे. यात मूळ स्टील वितळत नाही. झाळ आपणहून फटीत ओढली जाते, जोड बारीक दिसतो, वर घासकामही फारसं उरत नाही. ५६ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली झाळ ६१८ अंश सेल्सिअसला वितळायला लागते आणि ६५२ ला पूर्ण पातळ होते. तरीही जॉब गार झाल्यावर सरफेस प्लेटवर (अगदी सपाट तपासपाटावर) ठेवावा तर एक कोपरा अधांतरी, आणि फट मोजायच्या फीलर गेजचं पान खुशाल आत शिरतं. हे तुम्ही कसं टाळता, एवढ्यावरच हा धागा. "एकसारखं तापवा" हे सगळ्यांना पाठ आहे. ते प्रत्यक्षात कसं जमवता ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. ६ मिमी जाडीच्या पट्टीवर दोन उभे कान जोडायचे होते. पट्टी ब्राइट बारची (थंड ओढलेल्या चकचकीत बारची), वरची बाजू मिलिंग करून सपाट केलेली. जोडण्याआधी तशीच एक जादा पट्टी घेतली आणि झाळ, फ्लक्स (धातू स्वच्छ ठेवून झाळ वाहू देणारा लेप) काही न लावता नुसती मंद लाल होईपर्यंत तापवून गार केली. ती वाकलीच. म्हणजे झाळीचा यात काही हात नव्हता. थंड अवस्थेत डायमधून ओढलेल्या बारच्या कातडीत ताण कोंडलेला असतो. सगळ्या बाजूंनी तो सारखा असतो तोवर बार सरळ दिसतो. एका बाजूची कातडी मिलिंगने उतरवली की तोल जातो, आणि ५५०-६०० अंशांच्या आसपास स्टील नरम पडलं की उरलासुरला ताण सुटताना बार वळतो.

तेव्हापासून माझा क्रम असा: पट्टी कापायची, सगळीकडे अर्धा मिमी जादा ठेवून रफ करायची, मंद लाल तापवून वर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात) पुरून सावकाश गार होऊ द्यायची, मग सपाट करायची आणि त्यानंतरच झाळायची. गरम रोलिंगचा काळा बार वापरला तर हा खटाटोप बराच वाचतो, कारण त्यात असा ताण फार कमी असतो. दिसायला ओबडधोबड म्हणून लोक त्याला नाकं मुरडतात, पण झाळायच्या जॉबला मी तोच घेतो.

मापारी

ताणाचं पटलं. पण माझ्या मते निम्मे जॉब क्लॅम्प वाकवतो. थोडं गणित करू. साधं स्टील दर अंशाला लांबीच्या १२ दशलक्षांशाने वाढतं. १०० मिमीचा तुकडा ६०० अंशांनी तापला की सुमारे ०.७ मिमी लांब होतो. तो तुम्ही व्हाइसमध्ये किंवा जाड फिक्स्चरमध्ये दोन्ही टोकांनी आवळलात, तर फिक्स्चर गारच राहतं आणि तुकड्याला वाढायला जागा मिळत नाही. लाल तापलेल्या स्टीलची ताकद थंड स्टीलच्या मानाने फारच कमी, त्यामुळे ते बिचारं जागच्या जागी दबतं. गार झाल्यावर आखडतं ते त्या दबलेल्या मापापासून. मग लांबी कमी भरते, नाहीतर बाक येतो.

शिवाय क्लॅम्प उष्णता पिऊन घेतो. त्याच्या शेजारची जागा काळी आणि दोन बोटांवरची लाल, असा जॉब सरळ राहणार कसा?

मी आता आवळत नाही. जोडाच्या जागी एक-दोन बारीक पिना किंवा लहान स्क्रू घालतो, ते स्टीलचेच. झाळीत गडप होतात, नंतर घासले की दिसतही नाहीत. जिथे पिना शक्य नाहीत तिथे वर एक वजन ठेवतो, म्हणजे भाग दाबलेला राहतो पण सरकायला मोकळा असतो. फट ०.०५ ते ०.१ मिमी. ती टिकावी म्हणून एका तोंडावर सेंटर पंचने हलके ठिपके मारायचे, त्यांच्या कडा वर येतात तेवढ्या पुरतात.

शिट्टीदार

वाफेची छोटी इंजिनं बनवतो, त्यामुळे जोडून केलेला क्रँकशाफ्ट हा माझा जिव्हाळ्याचा विषय. एका अखंड दांड्यातून कोरायचा तर तासन्‌तास जातात आणि ताण सुटून तोही वळतो, म्हणून मी झाळूनच करतो. जरा सविस्तर लिहितो.

मुख्य शाफ्ट दोन तुकड्यांत करायचा नाही. एकच सलग दांडा दोन्ही वेबमधून (शाफ्ट आणि क्रँकपिन यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांमधून) आरपार घालायचा, क्रँकपिनही तशीच आरपार. दोन्ही वेब एकत्र धरून भोकं पाडायची, म्हणजे अंतर तंतोतंत जुळतं. बसवणी घट्ट नको. प्रेस फिट केलं तर झाळीला शिरायला जागाच राहत नाही, बाहेर सुंदर कडं दिसतं आणि आत कोरडं. दांडा बोटाने सरकेल पण डुगडुगणार नाही इतपत मोकळा ठेवतो.

झाळीच्या तारेची कडी करून ती जोडाच्या एका बाजूला आधीच बसवून ठेवतो. वितळून दुसऱ्या बाजूला चमकती रेघ दिसली की आत भरलं याची खात्री. काठी हातात धरून लावली तर झाळ कुठवर पोचली ते कळत नाही, आणि शोधत बसण्यात जॉब उगीच जास्त तापतो.

चारही जोड एकाच तापवणीत. हे महत्त्वाचं. एकेक जोड करत गेलं की पहिला गार होताना आखडतो आणि दुसऱ्याला ओढतो. फायरब्रिकचा तीन बाजूंनी आडोसा करून ज्योत मोठी, मऊ, पिवळसरपणाकडे झुकलेली ठेवतो आणि आधी वेबवर फिरवतो, कारण लोखंड तिथेच जास्त आहे. दांडे वेबकडून येणाऱ्या उष्णतेवरच बरेचसे तापतात. सगळं एका रंगावर आलं की झाळ एकाच दमात चारी ठिकाणी पळते.

गार झाल्यावर प्रत्येक जोडात आडवी पिन, मग दोन वेबच्या मधला शाफ्टचा तुकडा करवतीने कापून काढायचा. इथे छातीत धडधडतं. कापल्यावर वेब किंचित उघडतात किंवा मिटतात, कारण तो तुकडा आतापर्यंत त्यांना धरून होता. म्हणून शाफ्टचा व्यास अर्धा मिमी जादा ठेवलेला असतो. मधल्या फटीत बरोबर मापाचा ठोकळा बसवून सेंटरमध्ये धरून मग शेवटचं टर्निंग. डायल गेजवर काटा स्थिर दिसतो तो या टर्निंगमुळे. झाळल्याझाळल्या सरळ निघालेला क्रँकशाफ्ट मी तरी पाहिलेला नाही.

कानसवाला

शिट्टीदार, ऑक्सि-ॲसिटिलीन वापरून पाहिलंत का?

शिट्टीदार

मोठ्या वेबला कधीतरी. टोक फार तिखट, एका ठिपक्यावर ८०० च्या पुढे आणि शेजारी ४००. हात सतत गोल फिरता ठेवावा लागतो आणि फ्लक्सही चटकन जळतो. प्रोपेन-हवेचा रुंद बर्नर सावकाश चालतो, पण तो सावकाशपणाच इथे उपयोगी पडतो.

पत्र्याची पोर

माझं काम पातळ पत्र्याचं. १ मिमीच्या पत्र्यावर २० मिमी व्यासाचा बॉस (जाड गोल ठोकळा) जोडायचा, असले प्रकार. ज्योत वरून मारली की पत्रा क्षणात लाल होऊन फुगतो, बॉस मात्र काळाच्या काळा. फुगलेला पत्रा गार झाल्यावर पापडासारखा राहतो, कितीही ठोका.

उपाय म्हणजे पत्र्याला ज्योत दाखवायचीच नाही. जॉब सिरॅमिक फायबरच्या तुकड्यांवर उचलून ठेवते, पत्रा वर आणि बॉस खाली, आणि खालून फक्त बॉस तापवते. झाळ नेहमी जास्त गरम भागाकडे धावते, त्यामुळे ती पत्र्यावर पसरण्याऐवजी जोडात खेचली जाते. पत्र्याच्या उरलेल्या भागाला आधार सगळीकडे सारखा हवा. एका बाजूला वीट टेकली आणि दुसरी उघडी राहिली तरी फरक पडतो.

झाळ नको तिथे जाऊ नये म्हणून मऊ शिसपेन्सिलीने जाड रेघ ओढते, किंवा टायपिंगचा पांढरा खोडद्रव लावते. आट्यांच्या भोकांत ग्रॅफाइट.

नवशिक्या

प्रश्न विचारला तर चालेल ना? फ्लक्स म्हणून नुसता टाकणखार वापरतोय. जॉब लालभडक केल्याशिवाय काही होतच नाही, आणि वाकतो तर दरवेळी. दोन्हींचा संबंध आहे का?

मापारी

आहे, आणि थेट आहे. निर्जल टाकणखार वितळतो ७४३ अंशांना. तुमची झाळ ५६ टक्क्यांची असेल तर ती त्याआधीच, ६५२ ला पातळ झालेली असते. पण फ्लक्स काम करत नसल्याने ती गोळी होऊन बसते आणि तुम्ही आणखी तापवता. आता ७२७ अंशांच्या वर स्टीलची स्फटिकरचना बदलायला लागते. बदलताना ते आकारमानाने आक्रसतं, गार होताना उलट फुगतं. जॉबचा एक भाग ही सीमा ओलांडतो, दुसरा ओलांडत नाही; मग ओढाताण होणारच. कमी तापमानाची झाळ घेऊन तिला जास्त तापमानाचा फ्लक्स लावला की तिचा मोठा फायदाच हातचा जातो.

फ्लोराइडवाला पेस्ट फ्लक्स घ्या. तो साधारण ५५० पासून काम करतो. आधी पाणी उडून फेस येतो, मग पांढरी पूड दिसते, मग तो काचेसारखा पारदर्शक होऊन पाण्यागत वाहतो. त्यानंतर थोड्याच वेळात झाळ लावायची. रंगाकडे बघायचं असेल तर अंधूक उजेडात बघा, उन्हात मंद लाल कळतच नाही आणि माणूस पुढे जातो.

नवशिक्या

फ्लक्सकडे बघून तापमान ओळखायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

टिपवाला

लेथची कार्बाइड टूलं स्वतः झाळतो. इथे ताण सुटायचा प्रश्न नाही, दोन धातूंचं भांडण आहे. कार्बाइड स्टीलच्या निम्म्यानेच प्रसरण पावतं. झाळ गोठली तेव्हा दोघं जुळलेले, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत शँक (टूलचा स्टीलचा दांडा) जास्त आखडलेला. बारीक शँक असेल तर तो स्पष्ट वळतो, टिप फुगीर बाजूला येते. शँक जाड असेल तर तो वळत नाही, मग टिपेला चीर जाते. तांब्याच्या पत्र्याला दोन्हीकडून चांदीची झाळ लावलेली तीन थरांची पट्टी मिळते, ती मध्ये घालतो. मऊ तांबं ओढ सोसतं. आणि गार करायची घाई नाही, कोरड्या गरम वाळूत ठेवून विसरून जायचं.

स्टेनलेस

थोडक्यात. ३०४ चं (नेहमीच्या स्टेनलेस स्टीलचं) प्रसरण दर अंशाला १७ दशलक्षांश, उष्णतावहन साध्या स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. म्हणजे वाढतं जास्त आणि उष्णता पसरवतं कमी. साध्या स्टीलचा हात इथे चालत नाही. ज्योत लांब धरायची, दुप्पट वेळ द्यायचा, स्टेनलेससाठीचा फ्लक्स घ्यायचा.

थंड डोक्याचा

सगळ्यांचं वाचलं. आता उलटा सूर लावतो: झाळायलाच हवं का? चाकाचा हब शाफ्टवर बसवायचा असेल तर रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग घट्ट धरणारी चिकटी) आणि एक आडवी पिन पुरते. जॉब तापतच नाही, वाकेल कशाने? हलक्या कामाला कथिल-चांदीची झाळ आहे, २२१ अंशांना वितळते. ताकद फार कमी, पण पाटी, कव्हर, तेलाची नळी असल्या गोष्टींना कुठे ताकद लागते? आणि कडक केलेलं स्टील असेल तर ६५० अंशांवर त्याचं पाणी उतरतंच, मग तो जॉब वाकला काय अन्‌ न वाकला काय. मी स्वतः झाळतो ते फक्त जिथे धक्का, वाफ किंवा सतत उष्णता आहे तिथे.

शिट्टीदार

हबचं मान्य. क्रँकशाफ्टही लोक कंपाउंडने जोडतात, चालतातही. बॉयलरजवळच्या भागांना मात्र मी लावणार नाही, तापलं की ती चिकटी सुटते.

पत्र्याची पोर

एक गोष्ट राहिली. जुन्या साठ्यातली झाळ कुणी दिली तर तीत कॅडमियम आहे का ते बघा. ती ६१८ अंशांतच पूर्ण पातळ होते, वाहतेही छान, म्हणून जुने लोक तिची तारीफ करतात. पण कॅडमियम ७६७ ला उकळतं, म्हणजे जरा जास्त तापवलं की धूर, आणि तो धूर जीवघेणा आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये यासाठीच त्यावर बंधन घातलं. जस्ताचा मुलामा असलेलं स्टीलही आधी साफ करूनच घ्या. फ्लोराइड फ्लक्सचा धूरसुद्धा हुंगायची वस्तू नाही, हवा खेळती हवीच.

नवशिक्या

नवा फ्लक्स आणला, लोखंडी कंस जोडला. झाळ पळाली! पण सरफेस प्लेटवर अजूनही डुगडुगतोय. मंद लाल असतानाच पाण्यात बुडवला होता, त्यामुळे का?

कानसवाला

पाण्यात बुडवू नका. पातळ बाजू आधी आखडते, जाड मागून, आणि जोड अजून धड घट्ट झालेला नसतो. स्टीलमध्ये कार्बन जास्त असेल तर ते कडक होऊन तडकायचीही शक्यता. हात लावता येईल इतपत हवेतच गार होऊ द्या.

पण त्याआधी एक तपासा. खालच्या बाजूला फ्लक्सची काच राहिली आहे का? ती पारदर्शक असते, दिसत नाही, आणि कोपऱ्याखाली एक थेंब असला तरी जॉब डुलतो. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ब्रशने घासा, नाहीच सुटली तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात ठेवा. कानस लावू नका, त्या काचेवर दात बोथट होतात. मग पुन्हा प्लेटवर ठेवून फीलर गेज घालून सांगा किती येतं.

नवशिक्या

काचच होती. आता ०.०५ चं पान एका कोपऱ्यात जातं, ०.१ चं कुठेच जात नाही.

मापारी

तेवढं स्क्रेपिंगला (हाताने खरवडून सपाट करायला) ठेवा.