सोळाव्या वर्षी मुलांना वाऱ्यावर सोडणं म्हणजेच 'विश्वास' का?

टेम्सकाठचा
परवा इथे इंग्लंडातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंनी लांबलचक मेसेज टाकला. सार असं की मूल सिक्स्थ फॉर्म कॉलेजात (सोळा ते अठराच्या मुलांचं) गेलं की आईबापांनी बाजूला व्हायचं, तिथे शिक्षकांना नावाने हाक मारतात, युनिफॉर्म नाही, मुलं मोठी झालेली असतात, आणि आपण देशी पालक तिथेही मागेमागे फिरतो म्हणून ती गुदमरतात. खाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो असतो तर ॲडमिनने 'कृपया वाद नको' टाकलं असतं, म्हणून इथे.

ताई, मागेमागे मीही फिरत नाही. पण बाजूला व्हायचं म्हणजे नेमकं काय? तीन ए लेव्हल (इथल्या अकरावी-बारावीचे विषय), प्रत्येकाचे आठवड्याला चार-पाच तास, बाकी सगळं फ्री. जीसीएसईपर्यंत (इथली दहावी) ज्याला घंटेवर हाकलं त्याला सप्टेंबरात एकदम सांगायचं, बाबा रे आता तुझं तू बघ. मंगळवारी दुपारी एकला साहेब घरी, बूट दारातच, टोस्टवर टोस्ट. विचारलं तर 'फ्री आहे'. आणि खरंच फ्री असतो हो, बंक नाही केलेलं, टाइमटेबलच तसं.

आणि खरी फसगत यर १२ ची, म्हणजे आपल्या अकरावीची. २०१५ पासून इंग्लंडात एएस (यर १२ च्या शेवटची परीक्षा) ए लेव्हलपासून वेगळं काढलं, त्यामुळे यर १२ च्या शेवटी बहुतेकांना बोर्डाची परीक्षा नाही म्हणून पोरगंही निवांत आणि आपणही. पण प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शिक्षकांनी आधीच वर्तवलेल्या ग्रेड, कशावर ठरतात? मुख्यतः त्याच उन्हाळ्यातल्या कॉलेजच्या परीक्षेवर! युनिव्हर्सिटीला अर्ज जातो तो त्या ग्रेडवर. ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेडिसिनवाल्यांची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीत, आणि कॉलेजची स्वतःची तारीख त्याच्याही कितीतरी आधी. आपण बारावी एका मार्च महिन्यात दिलेली माणसं, आपल्याला हे कोण सांगणार? अभ्यास त्याचा, पण कॅलेंडर आईबापाला पाठ पाहिजे, एवढंच म्हणतो.

लेस्टरची_मावशी
मेसेज मीही वाचलाय, 'वाऱ्यावर सोडा' असं त्यात कुठेही नव्हतं, ते तुम्ही घातलंत. त्या म्हणाल्या लुडबुड थांबवा. आमच्याकडे केमिस्ट्रीची ए लेव्हल दोघांनी दिली, लेकीने आणि तिच्या बाबांनी. रोज रात्री साडेनऊला सिलॅबसची प्रिंट घेऊन हे टेबलावर, हिरव्या पेनाने टिका, कुठला पास्ट पेपर झाला कुठला राहिला. पोरगी जेवायला खाली येईना. मॉकला (सराव परीक्षेला) डी. शेवटी तिच्या कॉलेजच्या ट्यूटरनेच यांना फोन करून सांगितलं की मिस्टर अमुक, कृपया थांबा. थांबले तेव्हा बी आला. तुमचं कॅलेंडर असंच हळूहळू हिरवं पेन होतं बरं का.

टेम्सकाठचा
मिस्टरांचं पेन माझ्या खिशात कशाला घालताय? तारीख माहीत असणं वेगळं आणि टिका मारणं वेगळं.

वितळलेला_पौंड
तुमचं चालू द्या, पण मूळ प्रश्न कुणी बोलतच नाही. आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर. मुलगी यर १२, जीसीएसईला सगळे नऊ-आठ ग्रेड (नऊ सगळ्यात वरचा), मेडिसिन म्हणते. कोर्स सुरू होताना आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) हातात नसेल तर सहसा होम फी (इथल्या मुलांची कमी फी) नाही, स्टुडंट लोन नाही. इथल्या पोरांना २०२५-२६ मध्ये वर्षाची फी ९,५३५ पौंड होती आणि तीही लोनवर, आम्हाला मेडिसिनचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे. त्यात मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आयएलआरसाठी लागणाऱ्या पाच वर्षांची दहा करायची भाषा होती. पालकांनी काय आधार द्यायचा, पर्सनल स्टेटमेंट वाचायचं की किडनी विकायची?

मिल्टनकीन्सकर
वितळलेला_पौंड, तुमचं दुःख खरंय पण धागा वेगळाय. आणि कॉलेजच्या करिअर्सवाल्यांना फी स्टेटसबद्दल आधीच विचारा, ऑफर आल्यावर नाही.

मूळ मुद्द्यावर: कॅलेंडर नको, हिरवं पेन नको, पोराला शनिवारची नोकरी लावा. माझा मुलगा सुपरमार्केटात शनिवारी आठ तास शेल्फ भरतो. त्या नोकरीसाठी सकाळी सहाला स्वतः उठतो, जो कॉलेजला आठला उठत नव्हता. एका वर्षात जेवढा सुधारला तेवढा मी सोळा वर्षं ओरडून सुधारला नाही.

हॅरोची_आई
शेल्फ भरायला आणलं का आपण पोरांना इतक्या लांब? अठरा वर्षांखालच्यांना २०२५-२६ मध्ये किमान वेतन तासाला ७.५५ पौंड होतं, म्हणजे आठ तासांचे साठ. त्या साठ पौंडांसाठी मॅथ्सचा ए गेला तर भरून देणार का सुपरमार्केट? उगाच गोऱ्यांसारखं करायचं म्हणून करायचं.

मिल्टनकीन्सकर
ए गेला नाही. ए आहे. आणि गोऱ्यांचं काय त्यात, माझे वडील मार्केट यार्डात हिशेब लिहून शिकले, तेही गोरे होते का?

हॅरोची_आई
वडिलांना गरज होती. तुमच्याकडे दोन गाड्या आहेत, मागच्या गणपतीला बघितल्यात.

मिल्टनकीन्सकर
गणपतीला आरतीला येता की माझ्या गाड्या मोजायला?

लेस्टरची_मावशी
अहो जरा. हॅरो ताई, गरज हाच निकष असेल तर ज्यांना खरंच गरज होती त्यांचं बघा, आठवड्याला ३० पौंडांपर्यंत ईएमए (शिकणाऱ्या मुलांना सरकारी भत्ता) मिळायचा तो इंग्लंडात २०११ ला बंद केला. आता बर्सरी (गरजू मुलांना मदत) आहे, पण ती कॉलेजकडे मागायला लागते, आणि आपली माणसं मागायला लाजतात. माझ्या ओळखीतली एक पोरगी बसभाडं वाचवायला फ्री पिरियडला घरीच यायची नाही, दिवसभर कॉमन रूममध्ये. आईला कारण माहीतच नव्हतं. पोरगी कधी येते, कधी जाते, एवढंच बघत होती ती बिचारी.

वितळलेला_पौंड
बर्सरीचं कॉलेजला विचारून बघावं लागेल. पण आमच्या व्हिसाला 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते नाहीत) ही अट आहे, चाइल्ड बेनिफिटसुद्धा नाही.

मिल्टनकीन्सकर
तुम्ही मेडिसिन म्हणालात ना, मग मुलीला शनिवारी केअर होममध्ये जेवण वाढायला पाठवा. इंटरव्ह्यूत म्हाताऱ्या माणसांशी कसं बोललीस हे विचारतात, ऑलिंपियाडचं मेडल दाखवून भागत नाही. माझ्या भाचीला पाचातली चार मिनिटं एका आजोबांबद्दलच विचारलं, जे रोज तिला बहीण समजून भांडायचे.

हॅरोची_आई
ठीक आहे, केअर होमचं समजू शकते. शेल्फ नाही.

कोथरूडचा_काका
तुमचे प्रश्न वाचून हसू येतं. इथे पुण्यात अकरावी-बारावीला कॉलेज फक्त प्रवेशापुरतं, पोरं दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात तोंड दाखवतात प्रॅक्टिकलला. हजेरी कागदावर. तुमच्याकडे निदान कॉलेजात शिकवतात तरी! आणि तरी तुम्ही रडताय.

टेम्सकाठचा
काका, इकडेही आपल्या लोकांनी तेच आणलंय, फक्त ऑनलाइन. यर १२ सुरू व्हायच्या आत तीन विषयांचे तीन खासगी ट्यूटर. शिकवतात म्हणून कॉलेज, आणि भरवसा नाही म्हणून ट्यूटर.

वाकडीवाट
इथे सगळे ए लेव्हल, ए लेव्हल. माझा मुलगा टी लेव्हल (ए लेव्हलऐवजीचा कामधंद्याचा कोर्स) करतो, कन्स्ट्रक्शनमध्ये. ३१५ तासांची प्लेसमेंट, खऱ्या साइटवर, डोक्यावर हेल्मेट. मागच्या दिवाळीला एका बाईंनी विचारलं, 'म्हणजे आयटीआय का? मग पुढे काही करणार ना?' मुलगा शेजारीच उभा होता, हातात फराळाची डिश. तिथून उठून गाडीत जाऊन बसला. तो टी लेव्हल पास झाला तर यूकासचे (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे) पॉइंट्स मिळतात, युनिव्हर्सिटीला जाता येतं, हे त्यांना सांगायची मला इच्छाच झाली नाही. पालकांनी मुलांना आधार कसा द्यायचा विचारता ना? आधी आपल्या मैत्रिणींची तोंडं बंद करा.

हॅरोची_आई
हे माझ्यावर आहे का? मी कौतुकानेच विचारलं होतं.

वाकडीवाट
नाव मी घेतलं नाही. तुम्ही घेतलंत.

मिल्टनकीन्सकर
मी आता काही बोलत नाही.

लेस्टरची_मावशी
वाकडीवाट, तुम्ही योग्य केलंत. आणि हॅरो ताई, कौतुकाचा प्रश्न 'पुढे काही करणार ना' असा नसतो हो.

हॅरोची_आई
बरं. चुकीचं वाटलं असेल तर मुलाला सांगा हॅरोची ती बाई मूर्ख आहे. पण मी दुसरं विचारते आणि खरंच विचारते, माझ्या धाकट्याला यर १२ चे चार आठवडे झाले, फिजिक्स जमत नाही म्हणतो, ते सोडून जिऑग्राफी घ्यायचीय. यांना वाटतं रडारड आहे, थांबवा. मला कळत नाहीये.

टेम्सकाठचा
आता बघा, कॅलेंडर! विषय बदलायची मुभा बहुतेक कॉलेजांत पहिल्या काही आठवड्यांपुरतीच असते, नंतर वर्गात मागे पडतो म्हणून घेत नाहीत. उद्याच कॉलेजच्या ट्यूटरला ईमेल जाऊ दे, पण मुलाच्या वतीने तुम्ही लिहू नका, त्यालाच लिहायला सांगा आणि तुम्ही सीसीत राहा. आणि त्याला पुढे काय करायचंय ते बघा, इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर फिजिक्स बऱ्याच ठिकाणी मागतात.

लेस्टरची_मावशी
सीसी! बघा, सुरू झालं हिरवं पेन.

टेम्सकाठचा
मावशी, सीसीपर्यंत ठीक. त्याच्या वतीने मी ईमेल लिहायला लागलो की सांगा, मिस्टरांना घेऊन या थांबवायला.

लेस्टरची_मावशी
मिस्टर सध्या धाकटीच्या बायॉलॉजीचा सिलॅबस डाउनलोड करतायत. त्यांना तुम्हीच येऊन थांबवा.

हॅरोची_आई
इंजिनिअरिंग नाही, त्याला टाउन प्लॅनिंग म्हणे. हे ऐकून यांचा चेहरा पडलाय. जिऑग्राफी चालेल ना मग?

वाकडीवाट
चालेल काय, पळेल. आणि प्लॅनिंगला साइट बघायची असेल तर पाठवा आमच्याकडे, माझा मुलगा दाखवेल. फराळ नको, हेल्मेट आमचं.