ऊसतोड कुटुंबातील मुलीवर अत्याचार झाला की गावाची भाषा का बदलते?

प्रश्न (शिक्षिका, बीड जिल्हा) :
गेल्या वर्षी आमच्या गावातील एका ऊसतोड कुटुंबातील मुलीवर अत्याचार झाला. तिच्या वडिलांसोबत मी ठाण्यात गेले होते. ते दोन तास टोपी हातात घेऊन व्हरांड्यातील खांबाशी उभे होते. त्यांना कोणी ‘बसा’ म्हटले नाही. आरोपीचे चुलते आले, तेव्हा मात्र लगेच खुर्च्या सरकल्या. पारावर ऐकले ते असे : ‘तिन्हीसांजेला ती तिकडे गेलीच कशाला?’ आणि ‘चांगल्या घरचे पोर आहे, जन्माचे वाटोळे होईल.’ ती सरपण आणायला गेली होती, कारण घरातील सिलिंडर संपून दोन महिने झाले होते. तिच्या जन्माचे काय, हे कोणीच विचारले नाही. या कुटुंबाच्या पाठीशी नेमके कसे उभे राहावे?

उत्तर (वकील, अंबाजोगाई) :
गुन्हा नोंदवून घेण्यास टाळाटाळ करणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 नुसार सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते, हे ठाण्यात शांतपणे सांगावे. पण खरी कसोटी पुढेच असते. मुकादमाची (मजूर टोळीच्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जाते, खटल्याची तारीख नेमकी हंगामात पडते, आणि एका तारखेसाठी फड सोडला की मजुरी बुडून उचल तशीच अंगावर राहते. अशा वेळी कोणी ‘मिटवून टाका’ म्हणत दारात आला आणि साक्षीदार फितूर झाला, तर गाव म्हणते, ‘पैसे घेऊन बसले.’ बलात्काराच्या प्रकरणात तडजोडीला जागा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे. साक्षीदाराच्या प्रवासखर्चासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, तसेच स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

उत्तर (कार्यकर्ता, परभणी) :
नुसत्या पैशाकडे पाहू नका. कुटुंब अनुसूचित जातीचे असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावण्याचा आग्रह धरा. 1972 मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला; तिच्या अंगावर जखमा नाहीत, यावरून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये तिची संमती गृहीत धरली होती. चार कायदा प्राध्यापकांनी 1979 मध्ये त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस चौकीत दोन पोलिसांपुढे एकटी असलेली गरीब मुलगी ओरडली का नाही, असा प्रश्न तिलाच विचारणारे न्यायालय आणि आपला पार यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

उत्तर (लातूर) :
मी बागायतदार घरातील आहे. आमच्याकडे एका मुलीच्या बाबतीत असेच घडले, तेव्हा ‘घराण्याची अब्रू’ म्हणून तिला आठ दिवसांत शहरात पाठवले आणि तक्रारच झाली नाही. मात्र तिच्यासाठी डॉक्टर होते, पुढचे शिक्षण होते, नवे गाव होते. तुमच्या गावातील त्या मुलीला रोज त्याच रस्त्याने पाण्याला जावे लागत असेल.

प्रश्नकर्ती :
हो, त्याच रस्त्याने. पुढची तारीख डिसेंबरात आहे आणि तेव्हा ते फडावर असतील. रविवारी मी मुकादमाशी बोलायला जाते. सोमवारी प्रवासखर्चाचा अर्ज घेऊन अंबाजोगाईला येईन.