अनुभव धागा: देवाचं म्हणणं तुम्ही कसं ऐकता?

देवापुढे आपण गाऱ्हाणं मांडतो, नवस बोलतो, मागणं मागतो आणि घंटा वाजवून निघतो. त्याला काय सांगायचंय, ते ऐकायला थांबतो का? माझ्या आजोळी कौल घेतल्याशिवाय मोठा निर्णय होत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनात लहानपणापासून आहे. पंथ कोणताही असो, ज्यांना उत्तर मिळालं त्यांनी लिहा, ज्यांना नाही मिळालं त्यांनीही लिहा. सुरुवात मी करतो.

मालवण तालुका
वडील गेल्यावर गावचं घर विकायचं आणि आईला मुंबईला न्यायचं, असं आम्हा भावांचं ठरत आलं होतं. ग्रामदेवतेपुढे गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही मागून 'होय म्हाराजा' म्हटलं. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही पडेना. काका बराच वेळ पाकळ्यांकडे बघत राहिले, मग वळून म्हणाले, "एका गाऱ्हाण्यात दोन गोष्टी घालू नको रे. घराचा येगळा इचार, आवशीचा येगळा."

वेगळं विचारलं. आईसाठी उजवा कौल आला, घरासाठी डावा. घर आजही आमचंच आहे. आई पावसाळा मुंबईत काढते आणि गणपतीला गावी जाते.

पाकळी सुकली की गळते, हे मलाही कळतं. तरी मी कौल मानतो. चार माणसांसमोर प्रश्न स्पष्ट मांडायचा आणि 'नाही' आलं तर ते पाळायचं, याची तयारी ठेवूनच आपण तिथे उभे राहतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखही तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि मुंबईचे चाकरमानी ती कळल्यावरच तिकिटं काढतात.

पंढरपूरजवळून
आमच्या घरात माळ आहे. मी विठ्ठलाशी भाकरी थापताना बोलते, भांडतेसुद्धा. जनाबाई त्याला दळणकांडणाला बोलवायची, तुकोबा त्याला चार शब्द सुनवायचे, मग मी का गप्प बसू? कानाला काही ऐकू येत नाही. पण जावेबद्दल तक्रार करता करता मध्येच तिचीच बाजू डोळ्यापुढे येते. ती माझ्या मनाने आणलेली नसते, एवढं मी खात्रीने सांगते.

वसई
आम्ही कॅथलिक. संत इग्नेशियस यांनी १६व्या शतकात घालून दिलेली दिवसाच्या आढाव्याची प्रार्थना मी रात्री करते. आधी आभार, मग सकाळपासूनचा दिवस प्रभूसोबत पुन्हा बघायचा: कुठे त्याच्या जवळ होते, कुठे लांब गेले. त्यानंतर काहीही न मागता बसायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड.

आवाज कोणाचा, हे ओळखायला वेळ लागतो. बायबलमधला लहानगा शमुवेलसुद्धा वृद्ध एलीनेच हाक मारली असं समजून तीनदा उठून गेला होता. माझी खूण अशी: जे ऐकू येतं ते फक्त माझ्याच मनासारखं असेल, तर मी थांबते आणि आमच्या फादरांशी बोलते. ज्या विचाराची शांतता दुसऱ्या दिवशीही टिकते, त्यावर भरवसा ठेवते.

पुणे
मला उत्तर मिळालेलं नाही. यजमानांच्या आजारपणात रोज दत्तासमोर बसले, ते गेल्यावरही बसते. समोरून काहीच येत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, त्यांतून कळलं की त्यांनाही कित्येक वर्षं देव जाणवत नव्हता आणि तरी त्यांची प्रार्थना सुरू होती. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मी वाळीत टाकलेली नाही.

वरचे अनुभव वाचून बरं वाटलं, त्रासही झाला. 'श्रद्धा वाढवा' असं कृपया कोणी लिहू नका. अशा कोरड्या काळात तुम्ही देवासमोर बसून नेमकं काय करत होता, तेवढं सांगा.