‘शहीद’, ‘हुतात्मा’, ‘वीरमरण’: युद्धसेवेत गेलेल्यांच्या स्मृतिफलकावर कोणता शब्द असावा?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात गिरगावातील आमच्या वाडीतून गेलेले आणि परत न आलेले सैनिक, खलाशी व वायुदलातील माणसे यांच्या नावांचा फलक बसवण्याचे ठरले आहे. मसुद्यात ‘शहीद’ असे लिहिले होते, पण काहींनी ‘हुतात्मा’ सुचवले. यादीत लढताना पडलेले आहेत, तसेच विमान अपघातात, शत्रूच्या कैदेत आणि आजाराने गेलेलेही आहेत. काही हिंदू आहेत, काही ख्रिस्ती. सर्वांना सामावून घेणारा शब्द कोणता?

पहिले उत्तर : ‘शहीद’ हा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशी साक्ष देण्याचा अर्थ आहे. श्रद्धेसाठी प्राण देणारा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. भारतीय सेनादले हा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत, आणि २०२२ साली सेनेने तो टाळण्याची लेखी सूचनाही दिली. ‘हुतात्मा’ हा सावरकरांनी रूढ केलेला शब्द ध्येयासाठी स्वतःची आहुती देणाऱ्याचा आहे, आणि मुंबईकराच्या मनात तो हुतात्मा चौकाशी, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाशी, इतका जोडला गेला आहे की फलक वाचणाऱ्याला प्रथम तेच आठवेल.

दुसरे उत्तर : वरील मताशी मी सहमत आहे. ‘वीरमरण’, ‘वीरगती’ आणि ‘धारातीर्थी पडणे’ हे शब्द मात्र रणातल्या मृत्यूचेच आहेत. तलवारीची धार हेच तीर्थ, ही त्यामागची कल्पना. बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर कोरलेली युद्धाची आणि जहाजांची दृश्ये ज्यांनी पाहिली असतील, त्यांना या शब्दांचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही. इटलीत १० जुलै १९४४ रोजी शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून जाऊन ते जिंकणारे आणि तेथेच गोळी लागून पडलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे (मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस) यांना ‘वीरमरण’ शब्दशः शोभतो. परंतु छावणीत तापाने गेलेल्या शिपायाला तोच शब्द लावला, तर त्याचे खरे मरण झाकले जाते, आणि त्याच्या घरच्यांनी सोसलेलेही त्याबरोबर झाकले जाते; असे झाकणे मला मान्य नाही. बखरींतले ‘कामास आले’ हे रूप मला प्रिय आहे, पण आजच्या वाचकाला त्याचा अर्थ ‘उपयोगी पडले’ असा वाटेल.

खलाशांसाठी ‘जलसमाधी’ कृपया लिहू नये, कारण समाधी माणूस स्वेच्छेने घेतो, आणि पाणतीराने (टॉर्पेडोने) फुटलेल्या जहाजावरील माणसाला ती निवड नव्हती. मशीद बंदरच्या सेलर्स होममधील स्मारक पहिल्या महायुद्धातील अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे आहे, ज्यांना समुद्राखेरीज कबर लाभली नाही. तुमच्या फलकावर ‘समुद्रात मृत्यू’ एवढे पुरेल.

वायुदलातील सर्वांना ‘वैमानिक’ म्हणणेही चुकीचे ठरेल. विमान चालवणारा तो वैमानिक, तर यंत्रज्ञ, बिनतारी संदेशक आणि तोफची हे वायुसैनिक होत, आणि अपघातात तेही तितकेच गेले.

माझ्या मते शीर्षक असे असावे : ‘दुसऱ्या महायुद्धात सेवेत असताना प्राण गमावलेले आमच्या वाडीतील रहिवासी’. त्याखाली नाव, पद, पलटण किंवा स्क्वॉड्रन, मृत्यूचे ठिकाण आणि तारीख द्यावी. शौर्यपदक मिळाले असल्यास तेही नावापुढे लिहावे.

प्रश्नकर्ता : शीर्षक समितीपुढे ठेवतो. नावांआधी ‘कै.’ लावावे का?

दुसरे उत्तर देणारे : लावू नये. ‘कैलासवासी’ ख्रिस्ती नावाला चालत नाही, आणि काहींना ‘कै.’ व काहींना ‘ख्रिस्तवासी’ लिहिले तर एकाच यादीत दोन रांगा पडतील. पदाचे नाव हीच उपाधी सर्वांना सारखी ठेवावी आणि क्रम पदानुसार न लावता आडनावाच्या अकारविल्हे लावावा.