मनाली–लेह सायकल टूर: नऊ दिवसांचा कार्यक्रम हातात आलाय, तयारी कुठून सुरू करू?

पेडलपुणेरी:

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं मनाली–लेह करतोय. गाडी, मेकॅनिक, तंबू, जेवण सगळं आयोजकांचं, सायकली मात्र आमच्या. वयं ३८ ते ५२. घाटांची सवय आहे, पण सह्याद्रीबाहेर कुणीच सायकल नेलेली नाही. हातात साडेतीन महिने आहेत.

आलेला कार्यक्रम (मुक्काम): १ मनाली, २ मढी, ३ सिस्सू, ४ जिस्पा, ५ सर्चू, ६ पांग, ७ रुमत्से, ८ लेह, ९ खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) करून परत लेह.

दोन सायकली हायब्रिड आहेत (गिअरचे दाते पुढे ४८/३८/२८, मागे ११–३२, केबलवर चालणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक), दोन एमटीबी म्हणजे डोंगरी (पुढे ३२, मागे ११–४६, तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक). हायब्रिडचे गिअर बदलावेत का? डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का? आणि सराव म्हणून आठवड्याला किती वेळा सिंहगड मारावा?

घाटमाथा:

तिन्ही प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि त्या कार्यक्रमाशेजारी पेनाने एक रकाना आखा: मुक्कामाची उंची. मनाली २०५० मीटर, मढी ३३००, सिस्सू ३१००, जिस्पा ३२००, सर्चू ४२९०, पांग ४६००. पाचव्या दिवशी काय होतंय दिसलं? एका रात्रीत जवळजवळ ११०० मीटरची उडी. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा नियम पाय कितीही तयार असले तरी लागू आहे. दिवसा किती वर चढलात याने तेवढं बिघडत नाही, रात्री कुठे झोपलात याने बिघडतं.

सर्चूची दुसरी खोड नकाशा नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. मागे बारालाचा ला (सुमारे ४८९० मीटर), पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला आणि लाचुंग ला. म्हणजे मध्यरात्री कुणाची तब्येत बिघडली आणि खाली न्यायचं ठरलं, तर आधी वर चढून एक खिंड ओलांडावी लागते. पांगची तीच गत: मागे लाचुंग ला, पुढे तंगलंग ला (५३२८). झिंगझिंगबारपर्यंत तसं नाही, तिथून गाडी सरळ उताराने केलाँगला येते आणि केलाँगला रुग्णालय आहे. म्हणून ज्याची तब्येत कुरकुरतेय त्याला पुढे न्यायचं की नाही, याचा निकाल बारालाचाच्या अलीकडेच लावायचा.

आयोजकांकडून एवढं बदलून घ्या: मनालीत दोन रात्री, जिस्पात दोन रात्री (मधल्या दिवशी रिकाम्या सायकलीने दारचापर्यंत जाऊन परत), मग पात्सिओ किंवा झिंगझिंगबारला एक मुक्काम आणि नंतर सर्चू. झिंगझिंगबारसुद्धा ४२७० आहे, त्यामुळे पात्सिओला (३८०० च्या आसपास) तंबू लागत असतील तर तेच बरं. सर्चू–पांग अंतर सुमारे ७८ किमी आणि त्यात दोन खिंडी. बहुतेक गट ते त्या दोन खिंडींमधल्या व्हिस्की नाल्याजवळ तोडतात. पांग–रुमत्से ९० किमीच्या वर जातं, वाटेत मोरे मैदानाचा चाळीसेक किमीचा पट्टा आणि मग तंगलंग लाचा चढ. तिथेही वाटेतल्या डेबरिंगला थांबण्याची सोय आहे का विचारा. पण पांग आणि डेबरिंग या दोन्ही ठिकाणी झोप नीट लागत नाही, हे धरून चाला.

एकूण १२-१३ दिवस होतात. रजा मिळत नसेल तर खारदुंग ला गाळा, जिस्पाचा मुक्काम गाळू नका. लेहपासून वर ४० किमी आणि १८०० मीटरहून जास्त चढाई आहे ती, शिवाय 'जगातला सर्वात उंच मोटाररस्ता' आणि १८,३८० फूट हे जुन्या पाटीवरचं प्रकरण मोजमापात टिकलेलं नाही. खिंड ५३५९ मीटरवर आहे, तंगलंग लापेक्षा जेमतेम ३१ मीटर वर. फोटोपलीकडे फारसं काही हुकत नाही.

तेलकट_चेन:

गिअरचं सांगतो. हायब्रिडचा सर्वात हलका गिअर २८/३२, म्हणजे ०.८७५. ७०० x ३८ टायरवर मिनिटाला ६० पेडल मारले तर ताशी साधारण ७ किमी. या रस्त्याचे चढ लांब आहेत, उभे नाहीत. मनाली ते रोहतांग ५१ किमीत १९०० मीटर, म्हणजे सरासरी चार टक्क्यांच्या आत. सिंहगड याच्या जवळजवळ दुप्पट उभा आहे. सामान गाडीत असेल तर हायब्रिडचे गिअर पुरतात, त्यात पैसे घालू नका.

पैसे ब्रेकमध्ये घाला. तंगलंग लावरून रुमत्सेपर्यंत सलग तीसेक किमी उतार आहे. सायकलीबरोबर येणारे रेझिनचे ब्रेक पॅड नाल्याचं पाणी आणि दगडी धूळ एकत्र लागली की भराभर झिजतात. मेटॅलिक पॅड टाका, पण आधी रोटरवर (पॅड जिला पकडतात ती चाकावरची चकती) काय लिहिलंय ते वाचा. काही स्वस्त रोटरवर 'फक्त रेझिन' असं कोरलेलं असतं, त्यावर मेटॅलिक चालत नाहीत. नवे पॅड इथेच मुरवून घ्या: ताशी २५ च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा.

हायड्रॉलिकवाल्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी ब्लीड करून (ब्रेकच्या तेलातली हवा काढून) घ्यावं. ऑइलमध्ये हवेचा लहान बुडबुडा राहिला असेल तर पुण्यात तो जाणवणारही नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो, तोच बुडबुडा फुगून दुप्पट होतो आणि लिव्हर हँडलला टेकते. खोक्यात भरताना चाक काढलं की कॅलिपरमध्ये (पॅड धरणारा भाग) पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर घाला, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबली जाऊन पॅड चिकटतात. रोटर काढून पुठ्ठ्यात गुंडाळा. मागचा डिरेल्युर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरवरून, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्यावरून, सोडवून फ्रेमच्या आत झिपटायने बांधा. बसच्या डिकीत सर्वात आधी वाकतो तो हँगर, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. लेहला मिळेल या भरवशावर राहू नका, प्रत्येकाने आपापला एक जास्तीचा न्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे माहीत असेलच, पण दर टूरमध्ये एक क्रँक (पेडलचा दांडा) त्यावरूनच खराब होतो.

टायरमधली हवाही वर गेल्यावर वाढते. बाहेरचा दाब घटल्यामुळे गेजवर पाच-सहा पीएसआय जास्त दिसतात (थंडीने त्यातले थोडे परत जातात). पुण्याचं गणित तिथे चालवू नका, जिस्पात पुन्हा मोजा.

चौघांत मिळून: प्रत्येकी दोन ट्यूब (ट्यूबलेस असलात तरी), दोन्ही मापांचा एकेक घडीचा टायर, आपापल्या चेनच्या स्पीडच्या दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), प्रत्येकी दोन जोड पॅड, गिअरच्या चार केबल, दोन्ही चाकांच्या मापाचे चार-चार स्पोक, पंक्चरच्या सोल्यूशनची न उघडलेली ट्यूब. उघडलेली हमखास वाळलेली निघते. हवा भरायची सीओटू काडतुसं विमानात अडतात, पंपच न्या. चेनला ड्राय लूब (कोरडं राहणारं वंगण) बरं, ओल्या लूबवर मोरेची धूळ बसून ग्राइंडिंग पेस्ट होते. मात्र नाला ओलांडल्यावर ते धुऊन जातं, म्हणून रोज संध्याकाळी पुसून परत लावायचं. केबलच्या आउटरमध्ये पाणी शिरलं असेल तर सर्चूला रात्री गोठतं आणि सकाळी गिअर पडत नाही. जोर लावू नका, ऊन येऊ द्या.

कडूगोळी:

डायमॉक्स: प्रतिबंधासाठी नेहमीची मात्रा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, उंचीवर चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि पन्नाशीच्या गड्याने ईसीजी-स्ट्रेस टेस्टसकट विचारायचं. दोन दिवस घरी घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा बेचव लागतो. हे अपेक्षितच आहे. गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, सर्चूची उडी माफ करत नाही.

ऑक्सिमीटर न्या, पण गार बोटावर तो वाटेल ते आकडे दाखवतो. हात काखेत गरम करून मग लावा. ४३०० मीटरवर ८०-८५ दिसलं तरी माणूस ठणठणीत असू शकतो. आकड्यापेक्षा माणूस बघा. रोज संध्याकाळी प्रत्येकाने सरळ रेषेवर टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायचं. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला असेल, तर रात्र काढायची नाही, ताबडतोब खाली. डोकं दुखणं आणि भूक मेलेली असेल तर पुढचा मुक्काम रद्द. दारू आणि झोपेच्या गोळ्या लेहपर्यंत बंद.

आयोजकांना विचारा: ऑक्सिजन कोणता? बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो, मिनिटाला ४ लिटरने सहा तास. दुकानातला १० लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. 'ऑक्सिजन आहे' एवढ्या उत्तराला काही अर्थ नाही. रेग्युलेटर आणि मास्क जोडून दाखवायला सांगा. आणि रात्रभर मुक्कामावर गाडी आणि ड्रायव्हर असतात का, की गाडी पुढे जाते?

घाटमाथा:

सरावाचं राहिलं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपलं सर्वात उंच टोक मनालीच्या बसस्टँडच्याही खाली. उंचीचा सराव इथे होत नाही, तो नाद सोडा. होतो तो सलग दिवस बसायचा. सिंहगड आठवड्यातून एकदा पुरे, पण पायथ्याच्या गोळेवाडीपासून सीटवरून न उठता, बोलता येईल इतक्या दमात, हलक्या गिअरवर. वेळ लावून मारलेला सिंहगड तिथे उपयोगी नाही. शनिवारी १०० किमी आणि रविवारी दमलेल्या पायांनी ७० हे जास्त कामाचं, किंवा पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर आणि दुसऱ्या दिवशी परत. शेवटच्या दीड महिन्यात असे चार शनिवार-रविवार, त्यातला एक तीन दिवसांचा. निघण्याआधी दहा दिवस हात आखडता.

पेडलपुणेरी:

मनःपूर्वक आभार. आयोजकांनी जिस्पाची दुसरी रात्र आणि पात्सिओ मान्य केलं, डेबरिंगला नाही म्हणाले. खारदुंग ला सोडला. आता शेवटचं: खाण्याचं काय न्यावं? आणि सकाळी कितीला निघावं?

तेलकट_चेन:

सहाला. बर्फ वितळून नाल्यांचं पाणी दुपारनंतर चढतं, सकाळी घोट्याएवढं असतं ते चारला गुडघ्याला लागतं. वाराही दुपारनंतर समोरून येतो, मोरेवर तर जाणवतोच. जुनी सँडल गाडीत न ठेवता स्वतःजवळ ठेवा, ओले बूट दिवसभर वाळत नाहीत. सिम पोस्टपेडच घ्या, बाहेरची प्रीपेड लडाखमध्ये चालत नाहीत, आणि जिस्पाच्या पुढे तसाही भरवसा नाही.

कडूगोळी:

वर भूक लागत नाही, म्हणून भूक लागायची वाट बघू नका. पाऊण तासाला तोंडात काहीतरी: राजगिरा वडी, चिक्की, खजूर, गुळपोळी. पाणी दिवसाला चार-पाच लिटर, त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचं पूर्ण पाकीट. पांगला पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ नुसत्या पातेल्यात शिजत नाही. स्वयंपाक्याकडे कुकर आहे ना ते आत्ताच विचारा. आणि मेतकूट न्या पाव किलो. मऊ भात, मेतकूट, तूप एवढंच चौथ्या रात्रीनंतर घशाखाली उतरतं.