अनुभव धागा: गलाईवाल्यांच्या पिढ्या

सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुके. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जत्रेच्या आठवड्यात जा. तमिळनाडू, केरळ, तेलंगण, उत्तर प्रदेश, पंजाब अशा पासिंगच्या गाड्या ओळीनं लागलेल्या दिसतील. उतरणारी माणसं मात्र गावातलीच. जुन्या दागिन्यांच्या मोडीचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, म्हणजे गलाईवाले. जातीनं सोनार नाहीत, बापजाद्यांनी कधी हातोडी धरलेली नाही, तरी देशभरातल्या सराफ कट्ट्यांत यांची दुकानं आहेत.

यांच्याबद्दल काही छापून आलं की ते बंगल्यांबद्दल येतं. मला भट्टीजवळचं हवंय. कोण कुणाला घेऊन गेलं, काम कसं शिकलात, बायका कुठे राहिल्या, पोरं कोणत्या भाषेत भांडतात, आता गादीवर कोण बसतंय. गलाईतून पुढे दागिन्यांच्या पेढीत गेलेल्यांनीही लिहा. माणसांची, दुकानांची नावं नकोत. सुरुवात मीच करतो.

घाटमाथेकर

आमचे आजोबा त्रिशूरला गेले ते त्यांच्या मावसभावाच्या दुकानात भाता मारायला. पाऊस नाही, चार एकर कुसळी रान आणि घरात सहा भावंडं, एवढं कारण पुरेसं होतं. पहिली काही वर्षं हातात काही दिलं जात नव्हतं. दुकान झाडायचं, कोळसा फोडायचा, मुशी, म्हणजे सोनं वितळवायची भांडी, मांडून ठेवायच्या. मग एक दिवस मालकानं गाळताना मुशीत टाकायच्या टाकणखाराची पुडी हातात दिली, म्हणजे बढती झाली.

काम सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की वितळवलं की झालं. मोडीत तांबं असतं, चांदी असते, जोडायला डाग लावलेला असतो. आगीनं हे वेगळं होत नाही. त्यासाठी सोन्यात उलट चांदी घालावी लागते, एक भाग सोन्याला साधारण तीन भाग. सोनं जास्त राहिलं तर तेजाब, म्हणजे आम्ल, आतपर्यंत पोचत नाही. हा रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि ते नायट्रिकच्या तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाशी तपकिरी चुरा उरतो. नवख्या माणसाला तो चहाचा गाळ वाटेल. धुऊन, वाळवून परत मुशीत घातला की पिवळा रंग येतो. उरलेल्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की विरघळलेली चांदी खाली बसते. तीही गोळा करायची. गलाईवाल्याची मजुरी ग्रॅममागे अगदी थोडी असते. घर चालतं ते काही वाया न घालवण्यावर.

आजोबांचं स्वतःचं दुकान झालं आणि १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरटच्या वर नवे दागिने करायचे नाहीत असा नियम, आणि त्यावर सोनारांचे किती हाल झाले हे बऱ्याच जणांना माहीत आहे. गलाईवाल्यांचं कुणी लिहीत नाही. पुढे १९६८ च्या कायद्यानं विटा, लगडी असलं प्राथमिक सोनं सामान्य माणसानं बाळगायलाच बंदी केली आणि शुद्धीकरणाला परवाना लागू लागला. आमच्या धंद्यात तर दागिना आत येतो आणि लगड बाहेर जाते! वडील सांगायचे, त्या वर्षांत आजोबांनी सगळा भर चांदीवर ठेवला. चांदीत पैसा कमी, घाम जास्त. कायदा १९९० मध्ये रद्द झाला तेव्हा आजोबा गावी देवळाच्या कट्ट्यावर बसून असायचे. त्यांना कुणी ते सांगितलं तर म्हणाले, "आता काय उपयोग, माझे डोळे गेले."

वडील १९७२ च्या दुष्काळात दुकानावर गेले. त्या वर्षी आमच्या आळीतली निम्मी तरणी पोरं कुठल्या ना कुठल्या दुकानावर गेली. रोजगार हमीच्या खडीवर आई-बाप आणि मुशीपुढे पोरगा, असं घराघरात होतं. मी स्वतः दुकानात बसतो पण भट्टी बंद केली आहे. गाळायचं काम बाहेर देतो, आमच्याच तालुक्यातल्या एकाला, आणि दागिने विकतो.

कोइम्बतूरची सून

बायका कुठे राहिल्या असं विचारलंत म्हणून लिहिते, एरवी या विषयावर आम्हाला कुणी विचारत नाही.

लग्नाआधी सांगितलं होतं, मोठं दुकान आहे. दुकान होतं खाली, वर एक खोली आणि त्याच्यावर पत्रा. तेजाब उकळायला लागलं की तांबूस धूर जिन्यातून वर यायचा. पहिल्या दिवसापासून माझा घसा धरला. सासूबाई म्हणायच्या सवय होईल. त्यांना स्वतःला रात्रभर खोकला असायचा आणि त्याला त्या हवा बदलली असं म्हणायच्या. दीरांच्या छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता. त्यानंतर धुराडं बसलं. आता धूर पाण्यातून धुऊन सोडणारी यंत्रं मिळतात, पण पुरुषांना ती खर्चात धरवतात का बघा. नवी गाडी लगेच धरवते.

तमिळ मी शेजारच्या अक्कांकडून शिकले, पाण्याच्या रांगेत. यांचं तमिळ फक्त वजन, भाव आणि उद्या या एवढ्यापुरतं होतं. आम्ही पेढी काढायची ठरवली तेव्हा गिऱ्हाईक बायका, आणि त्यांच्याशी बोलणारी मी. तिकडे तालीचे, म्हणजे त्यांच्या मंगळसूत्राचे, नमुने जातीजातीत वेगळे. चुकीचा नमुना पुढे केला तर अख्खं कुटुंब उठून जातं. कोणत्या घरात कोणती ताली हे मला तोंडपाठ झालं, ते यांना आजही येत नाही. आडी महिन्यात तिकडे लग्नं नसतात, दुकान ओस पडतं, तेव्हा मी कापड लावून सगळे साचे पुसून ठेवायचे. पेढीच्या कागदावर माझं नाव मुलगी सीए झाल्यावर लागलं. तिनंच लावून घेतलं.

पोरं कोणत्या भाषेत भांडतात? तमिळमध्ये. शिव्या मात्र आमच्या माणदेशी, आजीकडून घेतलेल्या.

घाटमाथेकर

ताई, आमच्याकडेही आजी खोकल्याला हवाच म्हणायची. तालीबद्दल अजून लिहा, सवडीनं.

दुकानावर_गेलेला

सगळे मालकांचे नातू दिसतायत इथे, म्हणून नोकराचं ऐका.

मी नववी नापास. चुलत मामानं नेलं, हैदराबादला. पगार वर्षाचा ठरलेला आणि तो जत्रेला आल्यावर माझ्या वडिलांच्या हातात. मला खायला, कपडे आणि सणाला सिनेमापुरते पैसे. दुकानातच झोपायचं, शटर आतून लावून, कारण माल आत. दहा वर्षांनी तुला वेगळं दुकान घालून देतो असं म्हणालेले. दहा वर्षांनी त्यांचा मेव्हणा आला, दुकान त्याला घालून दिलं. मी भांडलो नाही, आईनं शपथ घातली होती. नात्यातला माणूस असल्यामुळे काही लिहून नव्हतं, आणि नात्यातला माणूस असल्यामुळेच मागता आलं नाही.

काम मात्र चोख शिकवलं, ते नाकारणार नाही. आज खानापूर तालुक्यातल्या विट्यात मजुरीवर गाळून देतो. टेंभू योजनेचं पाणी आलं, रानात ऊस आहे, थोरला पोरगा पोल्ट्री बघतो. भट्टीजवळ त्याला उभा करत नाही.

कसोटी

वरच्या दादांशी सहमत आहे, आणि नाहीही. आमच्या घराला दुकान मिळालं ते याच पद्धतीनं. मालकानं भांडवल दिलं, पहिल्या मालाची हमी घेतली, सराफांना सांगितलं, हा माझा माणूस आहे. परक्या शहरात कुणाच्या तरी घरातलं वीस तोळे सोनं एका शब्दावर तुमच्या हातात येतं, तेव्हा त्या शब्दाची किंमत कळते. बँकेनं आम्हाला दारात उभं केलं नसतं. ज्याच्या वाट्याला तो शब्द येतो त्याचं घर उभं राहतं आणि ज्याच्या वाट्याला येत नाही त्याचं तारुण्य जातं, असा सगळा मामला.

नाव_नको

उत्तरेकडचं एक शहर. मी मोडीचं सोनं घेतो. एके दिवशी पोलीस एका पोराला घेऊन आले, यानं चोरीची चेन तुला विकली म्हणाले. मी त्या पोराला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. चोरीचा माल घेतल्याचं कलम, जुन्या दंड संहितेत ४११, ते प्रत्येक गलाईवाल्याला पाठ असतं. त्यांना माल जप्त झालेला दाखवायचा होता. आमच्याकडे आलेली वस्तू तासाभरात मुशीत जाते, म्हणजे माझ्याकडे ती नव्हती हे सिद्ध करणार कसं? परका माणूस, भाषेवरून ओळखू येणारा, आणि घरात सोनं. किती दिलं ते लिहीत नाही. वडिलांनी असल्या वेळी मुकाट्यानं देऊन टाकलं असतं. मी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी चार कॅमेरे बसवले. आता ओळखपत्राची प्रत, वस्तूचा फोटो, सही आणि पावती झाल्याशिवाय ग्रॅमभरही घेत नाही. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

आमच्या भागातल्या गलाईवाल्यांची संघटना आहे. असलं काही झालं की गावाकडून फोन जातात, आमदारापर्यंत. पण फोन पोचेपर्यंतची रात्र आपली आपल्यालाच काढावी लागते.

मूळचे_मारवाडचे

आमचा प्रवास उलटा आहे, चालत असेल तर लिहितो. पणजोबा राजस्थानातल्या पालीकडून कृष्णाकाठच्या एका बाजारगावी आले. तुमचे लोक दुष्काळानं बाहेर पडले, आमचेही तसेच, फक्त वाळवंटातून. सुरुवात कापडाच्या गाठोड्यापासून, मग गहाणवट, मग सराफी. पेरणीच्या आधी डोरली, बोरमाळा तिजोरीत यायच्या आणि पीक आलं की परत जायच्या. काही परत जायच्या नाहीत. गावात आमच्याबद्दल जे बोललं जायचं ते मी शाळेत ऐकलेलं आहे आणि त्यातलं सगळंच खोटं नव्हतं. २०१४ च्या सावकारी कायद्यानंतर वडिलांनी गहाण घेणं पूर्ण सोडलं. आजोबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. गहाण ठेवणारा माणूस तीन पिढ्या टिकतो, विकत घेणारा पुढच्या गल्लीत पन्नास रुपये कमी मजुरी दिसली की जातो, असं त्यांचं गणित.

ठुशी कशी गाठतात, वज्रटीक कापडावर कशी शिवतात हे आजोबांना मराठी सोनारापेक्षा जास्त कळायचं. हिशेब मात्र मारवाडीत. आमच्या घरी नवरी अजून राजस्थानातून येते आणि वर्षभरात ती पिठलं-भाकरी करायला लागते. आणि हो, आमची मोड गाळणारा विट्याकडचाच आहे.

एक्सआरएफ

तिसरी पिढी. बीएस्सी केमिस्ट्री, मुद्दाम केलं. आजोबा कसोटीच्या दगडावर रेघ ओढून, तेजाबाचा थेंब टाकून सांगायचे किती टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध. मी एक्सआरएफ मशीन आणलं, क्ष-किरणांनी शुद्धता मोजणारं. त्यांनी एक जाड मुलामा दिलेली बांगडी माझ्यासमोर ठेवली, मशीननं उत्तम आकडा दाखवला. मग त्यांनी ती कानसून परत ठेवली. एक्सआरएफ वरचा थर वाचतं, फार खोल जात नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण दुकानात पहिल्यांदा कळलं ते असं. म्हणून वादाच्या मालाला आजही शिशाबरोबर तापवून करायची जुनी परीक्षाच लागते. हॉलमार्किंग केंद्रंही सोन्याचा शेवटचा निकाल तिच्यावरच देतात.

हॉलमार्क सक्तीचा झाला जून २०२१ पासून, आधी २५६ जिल्ह्यांत. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय, म्हणजे दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय, दागिना विकता येत नाही, छोट्या दुकानदारांसारखे थोडे अपवाद सोडले तर. लोक म्हणाले, गलाईवाल्यांचं संपलं. तसं झालं नाही, कारण जुन्या मोडीवर कुठलाच नंबर नसतो आणि ती कपाटांतून पुढेही येतच राहणार. खरा फटका नोटाबंदीनं दिला. सगळा धंदा रोखीवर, ८ नोव्हेंबर २०१६ नंतर कित्येक दिवस भट्टी गार. त्यानंतर जीएसटी. आमच्या दुकानात पहिली नीट वही तेव्हा आली. वडिलांना त्याचा राग आहे, मला नाही.

झारा

छोटंसं. आमची आजी सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायची. वर्षाचा केर, आधीच पैसे देऊन, आत काय निघेल ते नशीब. धुवायचा, पारा घालायचा, पारा सोनं धरतो, मग तो पारा तव्यावर उडवायचा. स्वयंपाकघराच्या बाहेर चुलीवर! हे आता कळतंय काय होतं ते. असा केर धुणाऱ्या झारेकऱ्यांना कुणी धंदेवाले म्हणत नाही, पण आमची शाळेची फी त्या केरातून गेली.

नवखी

माझा भाचा दहावी झालाय. भाऊजी त्याला मदुराईला दुकानावर पाठवायचं म्हणतायत. ताईंना आपलं कुणी विचारत नाही. पाठवावं का?

दुकानावर_गेलेला

पाठवा, पण बारावी करून. पगार महिन्याचा आणि त्याच्याच खात्यात. दुकान घालून देणार असतील तर कधी आणि किती भांडवल, ते कागदावर. मालक मामा असला तरी.

कोइम्बतूरची सून

आणि भट्टीवर धुराडं आहे का ते आधी जाऊन बघा. पुरुषांना नका पाठवू बघायला. बहिणीला घेऊन तुम्ही जा.

कसोटी

मदुराईत आमचे दोन पाहुणे आहेत. निरोप ठेवा, राहायची सोय होईल.