देऊळ नको, चर्च नको, शालूही नको: लग्न लिस्बनला करायचे तर सही गोव्यात करावी की तिकडे?

प्रश्न: अबोली, फोंडा

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या हिंदू घरातली आहे आणि माझा होणारा नवरा सासष्टीतल्या ख्रिस्ती घरातला आहे. तो गेली चार वर्षे नोकरीनिमित्त लिस्बनला राहतो आणि लग्नानंतर मीही तिकडेच जाणार आहे. आम्ही दोघेही भारतीय नागरिक आहोत. कुणीही धर्म बदलायचा नाही, त्यामुळे मंगलाष्टकेही नकोत आणि चर्चमधला विधीही नको, हे आम्ही दोन्ही घरी समोरासमोर बसून सांगितले. रडारड झाली, पण अखेर सर्वांनी ते मान्य केले.

आता त्याच्या मनात असे आहे की सप्टेंबरात लिस्बनलाच, वीस-पंचवीस माणसांत लग्न करावे. मलाही ते आवडले आहे. मात्र सही, म्हणजे लग्नाची कायदेशीर नोंदणी, गोव्यात करायची की पोर्तुगालात, याबद्दल जो भेटेल तो वेगळे सांगतो. शिवाय बाबांनी सावईवेऱ्यातले कुळागर (सुपारी-नारळाची बाग) माझ्या नावावर करायचे ठरवले आहे आणि लग्नानंतर त्याचे काय होते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

दुसरी गोष्ट पेहरावाची. मला शालू नेसायचा नाही आणि पांढरा गाऊनही घालायचा नाही. लाल चौकड्यांचे कुणबी कापड, केसांत अबोलीची फाती (फुलांची वेणी) आणि हातांत हिरवा चुडा, एवढेच मला हवे आहे. आईचे म्हणणे आहे की शेतात नेसायचे कापड लग्नात नेसले तर लोक आम्हांला काय म्हणतील. ज्यांनी असे काही केले आहे किंवा ज्यांना या कामांची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला विमानप्रवास झेपणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १: निवृत्त कर्मचारी, डिचोली

मी बरीच वर्षे नागरी नोंदणीच्या कामात घालवली आहेत, त्यामुळे कायद्याचा भाग तेवढा लिहितो. गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी सर्व धर्मांच्या लोकांना एकाच कायद्याखाली करता येते, म्हणून तुमच्या बाबतीत धर्माची अडचण मुळीच येत नाही. पहिल्या सहीच्या वेळी दोघांनी रजिस्ट्रारसमोर साक्षीदारांसह लग्नाचा इरादा नोंदवायचा असतो, मग कार्यालयात नोटीस लागते, आणि हरकत आली नाही तर मुदतीत दुसरी सही करायची असते. लग्न होते ते दुसऱ्या सहीने. हे मी ठासून लिहितो, कारण पहिली सही झाली की घरात पेढे वाटले जातात आणि काही जणांना तेच लग्न वाटते. असे एक जोडपे पहिल्या सहीनंतर आखातात गेले, आणि पाच वर्षांनी मुलाच्या पासपोर्टसाठी विवाह दाखला मागायला आले तेव्हा त्यांना कळले की कागदावर त्यांचे लग्नच झालेले नाही. त्या बाईंचा चेहरा मला आजही आठवतो.

आता कुळागराविषयी. गोव्यात कुटुंबाच्या बाबतीत १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर या कायद्याप्रमाणे पती-पत्नीची सगळी मालमत्ता एकत्र येते. लग्नाआधीची, नंतर कमावलेली आणि वारशाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेलीसुद्धा. त्यामुळे कुळागर तुमच्या नावावर असले तरी त्यात तुमच्या नवऱ्याचा अर्धा हिस्सा धरला जाईल आणि विक्रीखतावर त्यांची सही लागेल. ते लिस्बनला असतील तर प्रत्येक वेळी मुखत्यारपत्र मागवावे लागेल. तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे, यात शंका नाही, पण हा प्रश्न विश्वासाचा नसून सोयीचा आहे. संपूर्ण वेगळी मालमत्ता ठेवायची असेल, किंवा आधीचे वेगळे आणि नंतरचे एकत्र असे हवे असेल, तर तसा करार नोटरीसमोर लग्नापूर्वीच करावा लागतो. लग्न झाल्यावर तो बदलता येत नाही, म्हणून आधी करार आणि मगच दुसरी सही, हा क्रम मोडू नका.

पोर्तुगालात लग्न केले तरी कायदा तोच, असा आपल्याकडे एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. त्यांनी १९६६ मध्ये नवा दिवाणी कायदा केला आणि तो १९६७ पासून लागू झाला. करार नसेल तर तिथे फक्त लग्नानंतर कमावलेली मालमत्ता एकत्र धरतात. जुना कायदा आपल्याकडे राहिला. म्हणजे करार न करता तिकडे सही केली, तर या कुळागराला कोणत्या देशाचा नियम लावायचा, असा वाद पुढे उभा राहू शकतो. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की दोन्ही सह्या गोव्यात करा. त्यासाठी नवऱ्यामुलाने सलग चार आठवड्यांची रजा काढून यावे, म्हणजे नोटिशीचे दिवस त्यात निघून जातील.

तरीही तिकडेच कायदेशीर लग्न करायचे असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर ते करता येते. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात नोटीस देण्यापूर्वी किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते आणि नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस जातात. तो मार्ग बंद नाही, पण जमिनीसाठी सोपाही नाही.

प्रतिसाद २: लिस्बनवासी गोंयकार्न

मी आठ वर्षांपूर्वी नेमके हेच केले, म्हणून अनुभवाने सांगते. आमच्या दोन्ही सह्या म्हापशाला झाल्या होत्या आणि तीन महिन्यांनी लिस्बनजवळच्या सिंत्राच्या बाजूला एका घराच्या अंगणात आम्ही मित्रमंडळींसमोर एकमेकांना हार घातले. तिथे सरकारी अधिकारी कुणीही नव्हता, त्यामुळे दिवस, वेळ आणि शब्द सगळे आमच्या मनाप्रमाणे ठरवता आले. तिथल्या नोंदणी कार्यालयात लग्न करायचे असते, तर आधी पूर्वतयारीची फाईल उघडा, जन्मदाखले आणा, आपल्या देशाच्या कायद्याने आपण लग्नास पात्र आहोत असा दाखला आणा, लागेल तिथे पोर्तुगीज भाषांतर करून घ्या, एवढे सगळे करावे लागले असते.

गोव्याचा विवाह दाखला मिळाला की त्यावर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणपत्र, करून घ्यावी. भारत २००५ पासून अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे आणि पोर्तुगालही आहे, त्यामुळे अपोस्टिल असली की वकिलातींच्या शिक्क्यांची वेगळी साखळी लागत नाही. तुम्हांला नवऱ्याबरोबर तिकडे राहायचे आहे, म्हणून हाच कागद सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कुटुंबीय म्हणून निवासाची परवानगी मागताना तो पुढे ठेवावा लागतो. नुसत्या पर्यटक व्हिसावर येऊन इकडे लग्न केल्याने राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. या परवानगीचे नियम २०२५ मध्ये कडक झाले आहेत, तेव्हा ताजे नियम पाहूनच तारखा ठरवाव्यात.

पाहुण्यांना शेंगेन व्हिसा लागेल. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि निदान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा जोडावा लागतो. माझ्या मावशीचा व्हिसा सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी हातात आला होता. तिने माझ्यासाठी शिवलेली चोळी मला पुढे पोस्टाने मिळाली. म्हणून ज्या माणसांवाचून लग्न होणार नाही असे तुम्हांला वाटते, त्यांच्यासाठी गोव्यातलाच एक दिवस राखून ठेवा. सप्टेंबरात पितृपक्षाच्या तारखाही तपासा. तुम्ही मानत नसाल, पण तुमच्या घरून येणारे मानत असतील.

प्रतिसाद ३: केप्याची गावडीण

कापडाबद्दल मी लिहिते, कारण ते माझ्या आजीचे रोजचे नेसू होते. तुमच्या आईच्या बोलण्याचा मला राग आलेला नाही. आमच्या घरातल्या बायकांनीही ‘शेतातले कापड’ म्हणूनच ते पेटीच्या तळाशी टाकले आणि लग्नाला बाजारातल्या चमकणाऱ्या साड्या नेसल्या. मधल्या काळात ते विणणारे मागच बंद पडत आले. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी विणकरांबरोबर बसून ते पुन्हा विणून घेतले म्हणून आज ते शहरात दिसते. त्या माणसाचे २०२० मध्ये निधन झाले, त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण ते कापड मुळात कष्टकरी बाईचे आहे, हे नेसणाऱ्याने विसरू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आजी ते पोटरीपर्यंत आखूड नेसायची. पदर पाठीवरून वर घेऊन खांद्यावर त्याची गाठ मारायची, तिला देठली म्हणतात. ही गाठ शोभेसाठी नसते. तरवा (भाताची रोपे) लावायला बाई दिवसभर वाकलेली असते, दोन्ही हात चिखलात असतात, अशा वेळी पदर घसरला तर सावरणार कोण? म्हणून ती गाठ बसवताना आजी कापडाला दोनदा हिसका द्यायची आणि मगच वाकायची. तुम्ही देठली बांधणार असाल तर एखाद्या जाणत्या बाईकडून ती शिकून घ्या. पिन लावून तिची नक्कल करू नका.

खरेदी करताना हातमागाचे सुती कापडच घ्यावे, कारण तशाच चौकड्या छापलेली कृत्रिम धाग्याची साडी स्वस्तात मिळते. दोन्हींतला फरक उलट बाजू पाहिली की लगेच कळतो. विणलेली चौकडी दोन्हीकडे सारखीच दिसते, छापलेली मागून फिकट असते. लाल रंग पहिल्या पाण्यात जातो, म्हणून ते आधी दोन-तीनदा मिठाच्या पाण्यातून काढा, नाहीतर घामाने चोळी लाल होईल. आणखी एक गोष्ट सांगते. आमच्या गावडे समाजात हिंदू गावडे आहेत, ख्रिस्ती गावडे आहेत, १९२८ च्या शुद्धीत ख्रिस्ती धर्मातून परत हिंदू झालेले नवहिंदूही आहेत, आणि हे कापड तिन्ही घरांतल्या आज्यांनी नेसलेले आहे. तुमच्या लग्नाला ते शोभते असे मला म्हणूनच वाटते. आईला हे एकदा सांगून पाहा.

प्रतिसाद ४: माशेलची मावशी

बाय, तुझ्या आजीचा विचार आधी कर. दुसऱ्या सहीच्या दिवशी सकाळी कापड नेसून तिच्या पाया पड आणि चुडा तिच्या समोर भर. दुपारी अंगणात मांडव घालून चाळीस पाने वाढा. खतखते, मुगागाठी आणि मणगणे असले की कुणाला काही कमी पडल्यासारखे वाटणार नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून दुपारचेच बरे. लिस्बनला तिकडच्या माणसांसाठी जे करायचे ते खुशाल कर.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तुम्हां सर्वांचे मनापासून आभार. त्याच्याशी काल रात्री बोलले. तो एप्रिलमध्ये महिनाभर येईल, तेव्हा आधी नोटरीकडे करार आणि मग दोन्ही सह्या फोंड्यालाच करू. कुळागर वेगळे ठेवावे असे त्यानेच सुचवले. सप्टेंबरचा कार्यक्रम हार घालण्यापुरता ठेवायचा आणि पितृपक्ष टाळून तारीख घ्यायची, असे ठरले आहे. केप्याच्या ताईंचे लिहिणे मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की तिच्या सासूकडे भात लावायला यायच्या त्या बायका अशीच गाठ मारायच्या. आजीच्या पाटल्या त्या कापडावर कशा दिसतील, हे तिनेच नंतर विचारले.

डिचोलीच्या काकांना एक शंका विचारायची आहे. माझ्या जन्मदाखल्यावर आईचे नाव एक आहे आणि शाळेच्या दाखल्यावर लग्नानंतरचे दुसरे आहे. त्यामुळे पहिल्या सहीला अडचण येईल का?

निवृत्त कर्मचारी, डिचोली

अडचण येऊ शकते, आणि गोव्यात ती नाही आली तरी पुढे लिस्बनच्या अर्जात येईल. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे आईचे प्रतिज्ञापत्र आताच करून घ्या, जन्मदाखल्याची नवी प्रत काढा, आणि एप्रिलची वाट न पाहता दोन्ही कागद याच महिन्यात रजिस्ट्रारच्या कार्यालयात नेऊन दाखवा.